आवाज नेमका कुठे अडला? केनेडी ब्रिज ते लॅमिंग्टन रोड

 

लिनक्ससारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आवाज बंद पडला, तर बिघाड शोधतात कसा, आणि ही शोधायची पद्धत घडली कशी, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं? दोन कारणं आहेत. एक तर या शोधाशोधीला आता तीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय, म्हणजे तो इतिहासच झालाय. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. काही माणसांसाठी आवाज म्हणजेच कॉम्प्युटर. आवाज गेला की त्यांच्यापुरतं मशीन बंद. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. पण सुरुवात करू आपल्या गिरगावच्या वेशीवरून, कारण आवाजातला दोष शोधायची धडपड या भागाला कॉम्प्युटर यायच्या खूप आधीपासून माहीत आहे.

रुळांशेजारचा स्टुडिओ

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. भारतातला पहिला बोलपट. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी, कंपनी त्यांची इंपीरियल, आणि शूटिंग झालं केनेडी ब्रिजजवळच्या ज्योती स्टुडिओत. केनेडी ब्रिज कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ग्रँट रोड आणि चर्नी रोड स्टेशनांच्या मधे, रेल्वेच्या रुळांवर. स्टुडिओ त्या रुळांना लागून. मूकपटाच्या काळात गाडी गेली काय आणि राहिली काय, कुणाला फरक पडत नव्हता. बोलपटात मात्र प्रत्येक गाडी संवादात घुसायला लागली. मग काय केलं? रात्री गाड्या थांबल्या की शूटिंग सुरू करायचं, साधारण १ ते पहाटे ४.

त्यात ते टॅनर कंपनीचं यंत्र. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटवणारं. म्हणजे आवाज नंतर वेगळा काढून साफ करायची सोयच नाही. जो दोष आत शिरला, तो कायमचा. विल्फोर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ यंत्र लावून द्यायला आले होते. त्यांच्याकडून इराणी स्वतः ध्वनिमुद्रण शिकले आणि बरंचसं काम त्यांनीच निभावलं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली: आवाजातला दोष कानाला एकच वाटतो, पण त्याची कारणं दहा असू शकतात. माइक, कॅमेऱ्याची घरघर, वायर, बाहेरची गाडी. एकेक कारण बाजूला काढत गेल्याशिवाय खरं कारण सापडत नाही. दुसरी गोष्ट जरा वाईट आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. त्या रात्री कुठला दोष कसा पकडला, काय जुगाड केला, हे त्या माणसांबरोबर गेलं. आठवणींत सांगितलेलं तेवढं आपल्या हाती राहिलं.

२२०, ५, १

केनेडी ब्रिजवरून चालत निघालात की थोड्याच वेळात तुम्ही लॅमिंग्टन रोडला लागता. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी अजून तो १९०३ ते १९०७ या काळातला गव्हर्नर लॅमिंग्टनच बसलाय. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा हा बाजार नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचा बाजार झाला. मुंबईतल्या कितीतरी घरांतला पहिला पीसी इथून सुटा सुटा आला. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्याची, साउंड कार्ड जे स्वस्त मिळेल ते. यालाच आपण ‘असेम्बल्ड’ म्हणतो.

आता याच काळात तिकडे काय चाललं होतं? हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. त्याच्याच देशातल्या हन्नू सावोलाइनेन याने १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला. साउंड ब्लास्टर म्हणजे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं, १९८९ साली बाजारात आलेलं कार्ड. ते इतकं चाललं की इतर कंपन्या आपलं कार्ड ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ आहे म्हणून विकायच्या. सावोलाइनेनच्या कामातून पुढे ओएसएस, म्हणजे ओपन साउंड सिस्टिम, उभी राहिली.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. ऑपरेटिंग सिस्टिमची भाषा कार्डाला कळत नाही आणि कार्डाची ऑपरेटिंग सिस्टिमला. मधला माणूस ड्रायव्हर. पण त्याला कार्ड कुठे राहतं हे आधी सांगावं लागायचं. त्यासाठी तीन आकडे: पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. पोर्ट म्हणजे पत्ता. आयआरक्यू म्हणजे दारावरची बेल, कार्डाला काही सांगायचं असेल तेव्हा वाजणारी. डीएमए म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून थेट माल उचलायची वाट. यातला एक आकडा चुकला की आवाज बंद. आणि कधीकधी चूक कुणाचीच नसायची. काही कार्डं आयआरक्यू ७ वापरायची, आणि ७ ही बेल तर प्रिंटरच्या पोर्टचीसुद्धा! दोघांची बेल एक झाली की कुणाच्या घरी पाहुणा आला ते कळणार कसं?

त्या काळी हे आकडे कर्नल कम्पाइल करतानाच द्यावे लागायचे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, तेही डायल-अप. त्यावरून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवणं परवडणारं नव्हतं. म्हणून १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीडीची वाट बघितली जायची. पुढे रेड हॅटने साउंड कार्ड ओळखणारा एक छोटा प्रोग्राम दिला. सगळं जुळलं की चाचणी म्हणून तो खुद्द लिनसचा आवाज ऐकवायचा. आपलं नाव सांगून तो ‘लिनक्स’चा उच्चार कसा करतो ते सांगायचा. तो आवाज ऐकू आला की जिंकलात.

कार्ड गेलं, कोडं आलं

१९९८ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव किसेला याने एक नवी ध्वनिव्यवस्था सुरू केली. नाव अल्सा. मुळात त्याला ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी चांगला ड्रायव्हर हवा होता. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नल २.६ आला, त्यात अल्सा मुख्य व्यवस्था झाली आणि ओएसएस मागे पडली. अल्साची एक गंमत सांगतो. सुरुवातीला तिचे सगळे आवाज मुद्दाम बंद ठेवलेले असायचे, स्पीकर एकदम किंचाळू नये म्हणून. त्यामुळे ‘ड्रायव्हर बिघडलाय’ अशा कितीतरी तक्रारींत बिघाड नव्हताच. मिक्सर उघडायचा, त्या पट्टीवर जायचं, ‘एम’ दाबायचं, झालं! आजही शोध इथूनच सुरू होतो.

पण खरं कोडं आलं २००४ नंतर. तोवर वेगळं साउंड कार्ड घ्यायची पद्धत संपत आली होती, आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली होती. इंटेलने २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हा नमुना ठरवला. लोक म्हणतात एचडीए. वाटलं, आता सगळ्यांचं एकच, तर ड्रायव्हरही एकच, प्रश्न मिटला. झालं उलटंच.

एचडीएमध्ये बोर्डावर कोडेक नावाची चिप असते. आकड्यांचा आवाज करणारी आणि आवाजाचे आकडे करणारी. तिला बऱ्याच पिना. कुठली पिन कशाला जोडायची, हे बोर्ड बनवणारा ठरवतो. हेडफोनला ही, आतल्या स्पीकरला ती, माइकला तिसरी. आणि ही जोडणी त्याने बायोसमध्ये लिहून ठेवायची असते. प्रत्येक पिनमागे ३२ बिटांचा एक आकडा. त्यात सगळं येतं: पिन वापरात आहे का, पुढे आहे की मागे, स्पीकर आहे की माइक, इतकंच काय, भोकाचा रंग हिरवा की गुलाबी तेही!

आता होतं काय, बोर्ड कंपनी विंडोजसाठी स्वतःचा ड्रायव्हर देते. जोडणीची खरी माहिती त्या ड्रायव्हरमध्ये असते. मग बायोसमधला तक्ता कुणी मनावर घेत नाही. जुन्या बोर्डाचा तक्ता नव्या बोर्डावर तसाच चिकटवला जातो. लिनक्सचा ड्रायव्हर बिचारा त्या तक्त्यावर विश्वास ठेवतो आणि जिथे स्पीकरच नाही अशा पिनेवर इमानेइतबारे गाणं वाजवत बसतो. सगळं काही ‘चालू’ आहे, फक्त ऐकू येत नाही.

एकेक दार ठोठावत

अशा वेळी बिघाड शोधतात कसा? पद्धत केनेडी ब्रिजच्या रात्रींसारखीच आहे, एकेक कारण बाजूला काढायची. फरक एवढाच की इथे वाटेवरचं प्रत्येक दार उघडून आत बघता येतं.

पहिलं दार: कर्नलला चिप दिसली का? कर्नल आपली नोंदवही ठेवतो, त्यात चिपचं नाव आलंय का बघायचं. आलं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. दुसरं दार: मिक्सर बंद तर नाही? तिसरं: मधले सगळे प्रोग्राम बाजूला सारून थेट अल्साला एक सूर वाजवायला सांगायचा. तो ऐकू आला तर ड्रायव्हर निर्दोष, दोष वरच्या मजल्यावर. नाही आला, तर खाली उतरायचं. चौथं दार: हेडफोन लावून बघा. हेडफोनमध्ये येतो पण स्पीकरमध्ये नाही? मग बऱ्याचदा स्पीकरचा अॅम्प्लिफायर झोपलेला असतो. त्याला जागं करायचा एक वेगळा संकेत असतो, तो ड्रायव्हरने दिलेला नसतो.

पाचव्या दाराशी कोडेकचा पूर्ण नकाशा काढायचा. अल्साची एक छोटी स्क्रिप्ट हे सगळं एका फाइलमध्ये गोळा करून देते. त्यात प्रत्येक पिनेचा तो ३२ बिटांचा आकडा दिसतो. मग एकेका पिनेवर आवाज सोडून कान लावायचा. सापडली खरी पिन, की तिचा आकडा बदलून बघायचा. वाजलं? झालं तर! आता एकच काम उरलं, ही माहिती ड्रायव्हरमध्ये कायमची घालायची.

ती घालतात एका ओळीने. ‘या कंपनीच्या या क्रमांकाचा बोर्ड असेल तर अमुक दुरुस्ती लाव.’ याला क्वर्क म्हणतात. आपण म्हणू, त्या बोर्डाची खोड. रिअलटेक कंपनीच्या कोडेकसाठी असलेला अल्साचा ड्रायव्हर बघाल, तर अशा खोडींच्या यादीने भरलेल्या हजारो ओळी दिसतील. सुसे कंपनीतला ताकाशी इवाई वर्षानुवर्षं हे सांभाळतोय. पण त्याच्याकडे जगातला प्रत्येक बोर्ड असणं शक्य आहे का? नाहीच. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मशीनचा आवाज ऐकायला कान लागतात ते मशीन ज्याच्या टेबलावर आहे त्याचेच. त्याने आकडे पाठवायचे, सांभाळणाऱ्याने दुरुस्ती द्यायची, त्याने वाजवून सांगायचं.

आणि समजा, काल आवाज येत होता, आज नवा कर्नल टाकला आणि गेला, तर? दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून जास्त बदल असू शकतात. सगळे वाचत बसलात तर जन्म जाईल. म्हणून अर्धे करत जायचं. मधला बदल घ्या, कर्नल कम्पाइल करा, वाजवून बघा. वाजला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही वाजला तर मागच्या. पुन्हा अर्धे. दहा हजार बदल असले तरी १४ फेऱ्यांत एका बदलावर बोट ठेवता येतं. २००५ मध्ये लिनसने गिट तयार केलं, त्यात ही सोय आली. जुन्या मशीनवर एकेक फेरी तासाची, पण १४ तासांत गुन्हेगार हाती.

रहाटगाडगं अडखळतं तेव्हा

काही दोष याहून लबाड असतात. आवाज येतो, पण तुटक, करकरत. याचं कारण समजून घ्यायला आपलं रहाटगाडगं आठवा. मेमरीत गोल फिरणारी पोहऱ्यांची माळ आहे. एकीकडून प्रोग्राम पोहरे भरतोय, दुसरीकडून कार्ड रिकामे करतंय. भरायच्या आधीच पोहरा वर आला, की कार्डाला पाणी नाही आणि तुमच्या कानात ‘टिक’. म्हणून प्रोग्रामला सतत माहीत हवं की कार्ड आत्ता कितव्या पोहऱ्यावर आहे. हे सांगतो ड्रायव्हर. आणि तो थोडं खोटं बोलत असेल तर?

वर्षानुवर्षं हे खोटं खपून गेलं. जुन्या पद्धतीत कार्ड ठरावीक पोहऱ्यांनंतर बेल वाजवायचं, प्रोग्राम जागा होऊन भरायचा, नेमका आकडा कुणी विचारत नव्हतं. मग लेनार्ट पोटरिंगचं पल्सऑडिओ आलं. फेडोराने ते नोव्हेंबर २००७ मध्ये आणि उबुंटूने एप्रिल २००८ मध्ये सरसकट दिलं. २००८ मध्येच त्याने नवी पद्धत आणली. बेलवर न विसंबता घड्याळ लावून झोपायचं आणि उठलं की ड्रायव्हरला विचारायचं, कुठवर आलास? बॅटरी वाचते. पण ज्यांचं उत्तर चुकीचं, ते सगळे ड्रायव्हर एका फटक्यात उघडे पडले. लोकांनी शिव्या दिल्या पल्सऑडिओला. त्यात पल्सऑडिओच्या स्वतःच्याही चुका होत्या, नाही असं नाही. पण बरेचसे दोष जुनेच होते, नव्या प्रश्नाने ते बाहेर काढले. घड्याळाची पद्धत बंद करून आवाज सुधारला तर संशय ड्रायव्हरच्या आकड्यावर, अशी तपासणीही मग रूढ झाली. एचडीएच्या ड्रायव्हरमध्ये तर जागा कशी मोजायची हे बदलायचा एक पर्यायच आहे.

आवाज म्हणजेच पडदा

इथवर ऐकून कुणी म्हणेल, गाणी नाही वाजली तर नाही वाजली, एवढं काय त्यात?

पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन चौदाव्या वर्षी काचबिंदूने पूर्ण दृष्टिहीन झाले. वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग पवईला आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स, आणि पुढे कॉर्नेलला पीएच.डी. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ हा मुक्त प्रोग्राम दिला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा, आणि नुसता वाचून न दाखवता त्याची रचना आवाजातून समजावणारा. सुरुवातीला तो बोलायचा बाहेरून जोडलेल्या डेकटॉक या यंत्रातून. ते महागडं, पण त्याला साउंड कार्डाशी देणंघेणं नव्हतं. नंतर बोलण्याचं काम सॉफ्टवेअर करू लागलं. खर्च वाचला, खोकं गेलं. पण बोलणं आता साउंड कार्डातून यायला लागलं, म्हणजेच ड्रायव्हरच्या हाती गेलं.

२००६ मध्ये ‘ओर्का’ हा स्क्रीन रीडर ग्नोम डेस्कटॉपबरोबर आला, फुकट. विंडोजवरच्या ‘जॉज’च्या परवान्याची किंमत हजार डॉलरच्या घरात असताना हे केवढं मोठं होतं, विचार करा. ईस्पीक या मुक्त आवाजाला मराठीही वाचता येतं. आपल्याच भागात बघा: दादरला अंध मुलींची शाळा आहे, तिची सुरुवात १९०० सालची. ताडदेवला, लॅमिंग्टन रोडच्या जवळच, व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आहे. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र आहे. मुंबईचेच कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन आहेत आणि ‘जीएनयूखाता’ या मुक्त हिशेब-प्रणालीचं काम त्यांनी पुढे नेलं.

आता ओर्का वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये नवा कर्नल गेला आणि स्पीकरची पिन चुकली, असं समजा. तुमच्यामाझ्यासाठी तो बिघाड असतो स्पीकरचा. त्याच्यासाठी तो पडदा काळा होणं आहे. आणि मगाशी सांगितलेली ती पाच दारं? नोंदवही वाचायची कशी, मिक्सर बघायचा कसा? बिघाड शोधायचं साधनच बिघडलंय. मग ब्रेल पट्टी जोडा, किंवा दुसऱ्या बोलत्या मशीनवरून या मुक्या मशीनमध्ये नेटवर्कने शिरा, नाहीतर डोळस माणसाला बोलवा आणि त्याला एकेक ओळ मोठ्याने वाचायला सांगा. म्हणून ड्रायव्हरमधली ती एका ओळीची खोड कुणासाठी परीक्षेचा पेपर असते, कुणासाठी नोकरी.

नोंद राहते

‘आलम आरा’चा आवाज गेला आणि तो कसा मिळवला याची नोंदही जवळजवळ गेली. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये मात्र २००५ पासूनचा प्रत्येक बदल गिटमध्ये तारखेसकट आहे. काय बिघडलं होतं, कारण काय सापडलं, दुरुस्ती कुणी केली. आणि त्याखाली बऱ्याचदा आणखी दोन ओळी: बिघाड कळवला कुणी, दुरुस्ती वाजवून तपासली कुणी. यात मोठे प्रोग्रामर आहेत, तसे ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नाही तेही आहेत. त्यांनी फक्त कान लावला आणि आकडे नीट पाठवले. त्यांच्यामुळे तोच बोर्ड घेणाऱ्या पुढच्या अनोळखी माणसाला कधी कळतही नाही की इथे काही बिघडलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी लिनक्सवर आवाज गेला, तर ‘चालत नाही’ एवढ्यावर सोडू नका. आधी मिक्सर बघा. मग एकेक दार ठोठावा. कुठल्या दाराशी आवाज अडला ते लिहून ठेवा, कोडेकचा नकाशा जोडा आणि ज्यांच्याकडे तो ड्रायव्हर आहे त्यांना कळवा. मराठीत लिहिलेली टिपणं जवळच्या अंधशाळेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये देऊन ठेवलीत, तर त्यांना नक्की उपयोगी पडतील.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या साउंड कार्डाची काही गोष्ट असेल तर जरूर सांगा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!